नकाशावर ‘पडीक’ ठरलेले मिठागर

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या नागरिकांच्या बैठकीत मुंबईच्या पूर्व उपनगरांचा उपग्रह प्रतिमेवरून केलेला नकाशा दाखवला गेला. इमारती लाल, झाडी हिरवी, पाणी निळे. द्रुतगती महामार्गापलीकडची मिठागरे मात्र फिक्या पिवळ्या रंगात होती आणि सूचीत त्या रंगापुढे ‘पडीक / मोकळी जमीन’ असे लिहिले होते. माझे वडील भांडुपच्या मिठागरावर राबले आणि मी ३१ वर्षे भूगोल शिकवला. ते दोन शब्द वाचून मला गप्प बसवले नाही.

हा रंग कुठून आला, त्याचे उत्तर नकाशाच्या कोपऱ्यातच बारीक अक्षरात होते. प्रतिमा एप्रिलमधली होती.

उपग्रह जमिनीवरून परत येणारा प्रकाश मोजतो, एवढेच. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठवते. पाणी तोच अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा गिळते. म्हणून झाडी आणि पाणी संगणकाला सहज वेगळे करता येते. एप्रिलात मिठागराच्या वाफ्यांवर मीठ धरलेले असते. ते पांढरे मीठ आणि भोवतालची कोरडी खारी माती लख्ख चकाकते, आणि काँक्रीट किंवा भरावाची उघडी जमीनही जवळपास तशीच चकाकते. जुलैत याच वाफ्यांवर पावसाचे पाणी साचलेले असते. त्या दिवसांतली प्रतिमा घेतली असती तर हीच जागा निळी दिसली असती. पण पावसाळ्यात मुंबईवर ढग असतात, म्हणून नकाशे करणारे निरभ्र उन्हाळी दिवस निवडतात. त्यांची अडचण मला समजते. मात्र ढगांआडूनही पाहणाऱ्या रडार उपग्रहांच्या प्रतिमा आज विनामूल्य मिळतात, सेंटिनेल-१च्या २०१४ पासून आहेत. त्या उन्हाळी प्रतिमेशेजारी ठेवून पाहायला काय हरकत होती?

भरती-ओहोटीचा घोळ याहून मोठा आहे. प्रकाश टिपणारे हे उपग्रह ठाणे खाडीवरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारासच जातात, पण त्या वेळी खाडीत पाणी किती हे रोज बदलते. उधाणाच्या भरतीत चिखलाचे पट्टे पाण्याखाली जातात आणि ओहोटीला तिथेच रोहित पक्षी चरतात. एकाच प्रतिमेवर विसंबले की हे खाजण कधी ‘पाणी’ ठरते, कधी ‘उघडी जमीन’. शिवाय लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमेतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटरचा चौकोन असतो. बांधावरची तिवरांची (खारफुटीची) अरुंद रांग त्यात शेजारच्या चिखलात मिसळून जाते. सेंटिनेल-२ उपग्रहाचा चौकोन १० मीटरचा आहे, त्यात ती निदान काही ठिकाणी तरी सापडते.

नकाशा नव्वद टक्के अचूक आहे, असे बैठकीत सांगितले गेले. ते खरेही असेल. पण मोठ्या वस्त्या आणि खोल पाणी बरोबर ओळखले की एकूण टक्केवारी आपोआप वर जाते. उरलेली चूक सगळी मिठागर आणि खाजणाच्याच वाट्याला आली असेल, तर आम्हाला त्या नव्वदचा काय उपयोग? जमिनीचा कोणता वर्ग (प्रकार) चुकून कोणत्या वर्गात गेला याचा तक्ता अशा नकाशाबरोबर सहसा तयार करतात. तो आम्हाला दाखवला गेला नाही.

मिठागरासाठी वेगळा वर्ग नाही म्हणावे, तर तसेही नाही. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने २०११ मध्ये केलेल्या पाणथळींच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात मिठागर हा किनारपट्टीवरच्या मानवनिर्मित पाणथळींचा स्वतंत्र प्रकार आहे. पुढे २०१७ च्या पाणथळ नियमांनी मीठ उत्पादनासाठी बांधलेल्या जागा पाणथळीच्या व्याख्येतून वगळल्या. नियमांत काय असावे हा वेगळा वाद आहे, त्यात मी इथे शिरत नाही. पण जमिनीवर प्रत्यक्ष काय आहे ते सांगणे हे नकाशाचे काम आहे, आणि तिथे वर्षातले काही महिने पाणी असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो दिवस पाहिलेल्या शहराला पाणी साचून राहू शकेल अशा सखल जागेची किंमत मी सांगायला नको. ‘पडीक’ हा शब्द एकदा सूचीत बसला की पुढच्या प्रत्येक प्रस्तावात तो उतरवला जातो, आणि मिठागरांच्या जमिनी घरांसाठी देण्याचे निर्णय सध्या होतच आहेत.

माझी मागणी अवघड नाही. बैठकीत मांडायच्या प्रत्येक नकाशावर प्रतिमेची तारीख आणि त्या वेळची भरती ठळक छापावी. मिठागर, खाजण आणि तिवर यांना वेगवेगळे रंग द्यावेत. उन्हाळा आणि पावसाळा अशा दोन्ही प्रतिमा वापराव्यात, चुकांचा तक्ता जोडावा. आणि नकाशा पक्का करण्याआधी कोळीवाड्यातल्या व मिठागरावर काम केलेल्या माणसांना बरोबर घेऊन जागेवर पडताळणी करावी. वडिलांच्या वेळचे कोणते वाफे कुठे होते ते मला अजून दाखवता येते. संबंधितांनी बोलावले तर मी बांधावर यायला तयार आहे.

— एक निवृत्त भूगोल शिक्षिका, मुलुंड (पूर्व), मुंबई