मेलेले झाडही दाखवायला शिकवणाऱ्या काकूंस आभारपत्र

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बागप्रेमी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाची वही यंदा आपण तरुण सभासदांच्या हाती दिलीत. त्या दिवशी सर्वांसमोर बोलायचे होते ते मला बोलता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्व सभासदांनी वाचावे अशी इच्छा असल्याने उघडपणेच लिहिते आहे.

मंडळात येण्यापूर्वी मी बागकामाची अनेक व्याख्याने ऐकली होती. ती ऐकताना सारे समजत असे आणि घरी कुंडीपुढे उभे राहिले की त्यातले काहीच आठवत नसे. आपण वर्षाचा आराखडा ज्या पद्धतीने आखलात तिचे मोल मला त्यामुळेच फार वाटते. ज्या महिन्यात जे काम करायचे त्याच महिन्यात त्यावरचे व्याख्यान आणि पुढच्याच रविवारी सकाळी एखाद्या सभासदाच्या गच्चीवर किंवा अंगणात ते काम प्रत्यक्ष पाहायचे, हा क्रम आपण कधी मोडू दिला नाहीत. गुलाबाच्या छाटणीचे व्याख्यान पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरातच होई. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब फुटणारा उंचवटा, निवडून त्याच्या किंचित वर तिरका काप कसा घ्यायचा, हे आपण प्रत्येकाच्या हातात कात्री देऊन करवून घेत असा. कापांना बुरशी लागू नये म्हणून लावायची बोर्डो पेस्टही आमच्यासमोरच तयार होई. मोरचूद आणि कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवायचा, मग एकत्र करायचा आणि त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहायची. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला असे समजून तो वाढवायचा. ही सुरीची परीक्षा मी दरवर्षी न चुकता करते.

बागभेटींसाठी आपण घालून दिलेल्या एका नियमाबद्दल मात्र मला सर्वांत अधिक आभार मानायचे आहेत. ज्याच्या घरी भेट असेल त्याने फुललेल्या कुंड्यांबरोबर वर्षभरात मेलेले किंवा रुसलेले एक झाडही दाखवलेच पाहिजे, आणि चहा त्यानंतरच, असा तो नियम. सुरुवातीला मला हे अवघड वाटले. पाहुणे येणार म्हटल्यावर वाळलेली कुंडी जिन्याखाली सरकवायची, हीच आपल्याकडची रीत. पण मंडळी त्या वाळक्या झाडाभोवती बसून मुळे उकरून पाहू लागली, की जे शिकायला मिळे ते बहरलेल्या बागेत मिळत नसे. नुसती काळी माती भरलेल्या कुंडीत ती सुकताना आकसते, कडेला फट पडते आणि घातलेले पाणी मुळांना न भिजवता त्या फटीतून खाली निघून जाते, हे मला अशाच एका मेलेल्या जास्वंदीने शिकवले. झाडाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या पिठ्या ढेकणांमागे लागण्याआधी खोडावरून चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण त्यांच्या गोड स्रावासाठी मुंग्याच त्यांची राखण करतात, हेही तसेच कळले.

माझ्या शेवंतीची गोष्ट आपल्याला आठवत असेल. सलग दोन वर्षे पाने हिरवीगार, फुटवे भरपूर आणि कळी एकही नाही. मी शेणखत वाढवले, नीमपेंड घातली, रोपवाटिकेतून नवी रोपेही आणली. भेटीच्या दिवशी आपण रोपांकडे थोडा वेळ पाहिलेत, मग कठड्यापलीकडच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहिलेत आणि विचारलेत, “हा रात्रभर चालू असतो का?” शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधाराची रात्र लागते आणि त्या दिव्याने तिची रात्रच होऊ दिलेली नाही, हे आपण समजावून सांगितलेत. पुढच्या पावसाळ्यात मी कुंड्या पाण्याच्या टाकीआड, अंधाऱ्या कोपऱ्यात हलवल्या. त्या वर्षी मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेला घरची शेवंती होती. खताचा एक दाणाही अधिक लागला नव्हता.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शनाला आपण आम्हाला नेत असा, त्याचाही उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ही बाग सांभाळणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया 1830 सालची, म्हणजे पुण्यात लोकांनी एकत्र येऊन बागकाम करण्याची परंपरा किती जुनी आहे, हे आपण आम्हाला तिथल्या जुन्या वृक्षांखाली उभे करून सांगितलेत. प्रदर्शनात आमचे डोळे फुलांवर असत आणि आपले बोट कुंडीतल्या मातीकडे असे.

या सगळ्यासाठी आपण किती फोन केलेत, वक्ता ऐनवेळी अडला म्हणून किती वेळा स्वतः उभ्या राहिलात, गुडघे दुखत असताना किती जिने चढलात, याची नोंद त्या वहीत नाही. आम्ही मात्र ते पाहिले आहे. त्यासाठी मनापासून आभार.

येत्या रविवारची पहिली भेट माझ्या गच्चीवर आहे. कलमी सोनचाफा गेला. कलमाच्या सांध्याखालून, म्हणजे मूळ खुंटावर, आलेला फुटवा मी नवी पालवी समजून वाढू दिला आणि वरचे कलम वाळले. ती कुंडी मी जागची हलवलेली नाही. लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंतच येते, पुढे बारा पायऱ्या आहेत. मधल्या वळणावर आपल्यासाठी खुर्ची ठेवते. जरूर यावे.

आपली नम्र,
मंडळाची एक सभासद
कोथरूड, पुणे