शतपावली घालायची कुठे?

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत मीही आहे. हल्ली तिथे ज्याच्या त्याच्या मनगटावर घड्याळ आणि तोंडी दहा हजार पावलांचा हिशेब. खरे तर हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातच तो होता. तेव्हा सहा-सात हजारांवर दमणाऱ्यांनी खट्टू होऊ नये.

मला मधुमेह आहे. सकाळी तासभर चाललो की उरलेला दिवस खुर्चीत, असा माझा खाक्या होता. डॉक्टरांनी सुचवले, प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला. जेवल्यावर रक्तातली साखर चढते. नेमक्या तेव्हा पाय चालते असले, तर काम करणारे स्नायू इन्सुलिनवर फारसे विसंबून न राहता ती ओढून घेतात. ग्लुकोमीटरवर मला फरक दिसला. (आजी हेच सांगायची, आम्ही हसायचो.)

पण रात्री साडेनऊला माहीमच्या आमच्या गल्लीत चालायचे कुठे? फुटपाथवर दुचाकी, मध्येच उखडलेले पेव्हर ब्लॉक, पुढे कुणाचे तरी बांधकामाचे साहित्य. गुडघे दुखणाऱ्या माणसाने रस्त्यावर उतरून बसगाड्यांशी स्पर्धा करावी काय? आणि शतपावलीसाठी पार्कापर्यंत टॅक्सी करणे हास्यास्पद आहे. प्रत्येक गल्लीत निदान शंभर पावलांचा सलग फुटपाथ मोकळा मिळावा, एवढीच मागणी. तूर्त मी सोसायटीच्या आवारात, उभ्या गाड्यांमधून वाट काढत येरझारा घालतो.

– एक ज्येष्ठ नागरिक, माहीम, मुंबई