रविवारी गाडी पाठवतेय

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आईच्या डोळ्यांसाठी इथे मंगळवारची वेळ घेतली आहे. बाबा, आधी विचारलं असतं तर तुम्ही 'बघू दिवाळीनंतर' म्हणाला असतात. आत्याच्या वेळचं 'बघू' आठवतंय ना? म्हणून विचारलं नाही.

आई, घाबरू नकोस. हरिपाठ वाचताना ओळीतलं एखादं अक्षर मध्येच गायब होतं, असं तू परवा म्हणालीस. बाबांच्या मते मोतीबिंदू. तसं निघालं तर मी पेढे वाटीन. पण संधिवाताची ती एचसीक्यूची गोळी तू माझ्या लग्नाच्या आधीपासून घेतेस. तिचा डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो. पहिल्या 5 वर्षांत शंभरात एकालाही होत नाही, पण 20 वर्षांनंतर साधारण पाचात एकाला होतो. आणि पडद्याचं गेलेलं परत येत नाही, म्हणून ही घाई. 5 वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करायची असते, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. असो.

शिवाय तुझं वजन. ही गोळी दिवसाला किलोमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. तू आता 48 किलोची, म्हणजे 240. घेतेस 200 च्या दोन. त्यात रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावल्याची खूण. किडनी मंदावली की औषध अंगात जास्त साठतं.

तरीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही! 2020 मध्ये कोरोनामुळे ती दुकानात मिळेना, तेव्हा तुझी बोटं कशी सुजली होती, लाटणं धरवत नव्हतं. कमी करायची की बदलायची, ते डॉक्टर ठरवतील.

तपासणीत सुई नाही. एक पडद्याचा फोटो, आणि एका यंत्रात ठिपका दिसला की बटण दाबायचं. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसेल, मी बरोबर आहेच. दिवे गेले की कंदिलाच्या उजेडात तू माझ्या फ्रॉकचे हूक शिवायचीस, सुईत दोरा पहिल्याच फटक्यात. तेच डोळे आहेत गं हे.

राहायची काळजी नको. लिफ्ट सुरू झाली आहे, कमोड आहे, रात्री मऊ भात. बाबांना सहाला कोरा चहा आणि पेपर मिळेल, जावयांनी पेपर आधी वाचायचा नाही असं बजावलंय. मनीला दूध शेजारच्या काकू घालतील, त्यांच्याशी बोलले आहे. आणि हे सगळं तुम्हाला तिथून हलवायला नाही हं बाबा, तपासणी झाली की घरी सोडते.

येताना जुनी फाईल, रक्ताचे रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, मधुमेहाच्यासुद्धा. बाबा, फाईल तुमच्या पिशवीत ठेवा, आईच्या नको. लोणच्याची बरणी आणायची नाही, मागच्या वेळी सीटवर सांडली होती.

तुमची,
मनू