दुष्काळातल्या नोंदी रद्दीत घालू नका

संपादक महोदय, सनविवि.

मी ठाण्यात चरईत राहते, माहेर पारनेरकडचं. माझी पणजी 1899-1900 च्या दुष्काळात लहानपणी सरकारी पुअर हाऊसात, म्हणजे निराधारांना ठेवायचे तिथे, होती एवढंच आजी सांगायची, तिचे आईबाप कोण, गाव कुठलं, कुणाला ठाऊक नाही, म्हणून रिटायर झाल्यावर मी शोधायला लागले.

आधी मला वाटायचं पुअर हाऊस म्हणजे इंग्लंडातलं काहीतरी, 1834 च्या कायद्यानंतर तिकडे गरिबांना वर्कहाऊसात घालायचे ते. पण आपल्याकडेही होती. 1876-78 चा दुष्काळ झाला, 1880 ला फॅमिन कमिशनचा रिपोर्ट आला, त्यावरून पुढे फॅमिन कोड झाले, म्हणजे दुष्काळात कुणाला कशी मदत द्यायची त्याचे सरकारी नियम. अंगात ताकद असेल त्याने खडी फोडायची, तलाव खोदायचे, गावातल्या म्हाताऱ्या-पांगळ्यांना घरबसल्या थोडं धान्य नाहीतर पैसे, आणि जे गाव सोडून रस्त्याला लागलेत, काम झेपत नाही, मागे कोणी नाही, ते पुअर हाऊसात. म्हणजे ज्यांची आठवण काढायला घरात कुणी उरलं नाही नेमकी तीच माणसं तिथे. पंडिता रमाबाई 1897 मध्ये मध्य प्रांतात जाऊन अशी ठिकाणं स्वतः बघून आल्या आणि तिथल्या दुष्काळातल्या मुलींना घेऊन आल्या.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे फॅमिनच्या फाइली बघितल्या, आकडे खूप पण नावं नाहीत. नावं सापडली तर गावच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात, म्हणजे गाव नमुना 14, लोक कोतवाल बुक म्हणतात. सगळं जुन्या मोडी लिपीत. एका तालुक्याला एका भल्या क्लार्कने असं एक पुस्तक काढून दिलं, हात लावला की कडा गळायच्या. त्यात पावसाळ्याच्या महिन्याचं पान एवढं भरलंय की समासात उभ्या ओळी लिहिल्यात, शाई पाणी घालून वाढवलेली, फिकट. एक नोंद मी तीनदा वाचली, "मुलगी, अंदाजे वर्षे 5, नाव गाव माहीत नाही, हगवण". ती माझी कोणी नाही, माझी पणजी तर जगली, पण मी तिथेच बसून रडले.

शेजारच्या तालुक्यात मात्र वाळवी लागली म्हणून जुनी पुस्तकं मागेच काढून टाकली असं सांगितलं, कुठे टाकली ते कुणी सांगेना.

2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या शिंदे समितीच्या कामात जुन्या कुणबी नोंदी शोधायला हीच पुस्तकं बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावलं, स्कॅनिंग झालं. फार चांगलं झालं, पण माझी कळकळीची विनंती आहे की दाखल्याला लागतात तेवढीच पानं नको, पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्कॅन करा, बेवारस मयतांच्या ओळीसकट. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ पुस्तक फेकू नका हो, फिकट शाई स्कॅनमध्ये कधीकधी दिसतच नाही.

ठाणे, नवी मुंबईत मोडीचे क्लास केलेले पुष्कळ लोक आहेत, त्यांना वाचायला कागद मिळत नाहीत. कलेक्टर ऑफिसने बोलावलं तर आम्ही पैसे न घेता येऊ. मी स्वतः रोज दोन तास बसायला तयार आहे, एसीसुद्धा नको, उजेड बरा असला म्हणजे झालं.

आपली एक वाचक,
चरई, ठाणे