विंडोचं नाव देवनागरीत असलं तरी ती सापडलीच पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या मुलांना प्रोग्रामिंग कसं शिकवावं यावर तुमच्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता तो वाचून लिहितोय. लेख चांगलाच होता, पण विंडोचं नाव देवनागरीत असलं की दुसऱ्या प्रोग्रामला ती सापडत नाही, ही मला कामात सारखी दिसणारी गोष्ट त्यात आली नाही, आणि ती आपल्या भाषेशी थेट जोडलेली आहे म्हणून मराठी पेपरातच मांडतोय.

सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्याला कधी ना कधी दुसऱ्या प्रोग्रामची विंडो शोधायची वेळ येतेच. दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर चालू असतं, त्यात काट्यावरचं वजन आपोआप टाकायचं असतं, किंवा नुसती ती विंडो पुढे आणायची असते. डॉटनेटमध्ये, म्हणजे सी शार्प ज्यावर चालतं त्या मायक्रोसॉफ्टच्या प्लॅटफॉर्ममध्ये, आयतं मिळतं ते प्रोसेसचं (चालू प्रोग्रामचं) मेन विंडो हँडल, म्हणजे विंडोचा ओळख क्रमांक, पण ते एकाच मुख्य विंडोचं, आणि ती लपवलेली असली की हातात शून्य. मग यूझर३२ डीएलएल या विंडोजच्या फाइलमधलं विंडोजचं स्वतःचं फाइंडविंडो फंक्शन बोलवायचं, ते कुठून घ्यायचं हे सांगणारी डीएलएलइम्पोर्टची ओळ वर लिहून. याला पी-इन्व्होक म्हणतात, २००२ साली डॉटनेट आलं तेव्हापासून ही सोय आहे. फाइंडविंडोला विंडोचं पूर्ण टायटल, म्हणजे वरच्या पट्टीतलं नाव, द्यायचं, सापडली तर हँडल मिळतं, नाहीतर शून्य.

अडचण त्या एका ओळीत आहे. डीएलएलइम्पोर्ट लिहिताना कॅरसेट, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने पाठवायची ते, सांगितला नाही तर सी शार्प अँसी ही मोजक्या अक्षरांची जुनी पद्धत धरून चालतं, आणि मग बोलावलं जातं फाइंडविंडो-ए, म्हणजे जुनं अँसीवालं फंक्शन. तुमचं टायटल तिथे जायच्या आधी मशीनच्या कोड पेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यात, बदलतं, आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर ते १२५२ असतं आणि त्यात देवनागरी नाहीच. खरं म्हणजे देवनागरीसाठी विंडोजमध्ये अँसी कोड पेज कधी बनलंच नाही, त्यामुळे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा प्रश्नचिन्ह होऊन पुढे जाते. "पावती" हे टायटल दिलं तर प, काना, व, त आणि वेलांटी मिळून पाच प्रश्नचिन्हं, आणि अशा नावाची विंडो कुठून असणार. एरर येत नाही, प्रोग्राम बंद पडत नाही, फक्त शून्य परत येतं आणि पोरगा बिचारा दिवसभर बाकीचा कोड तपासत बसतो.

याहून वाईट म्हणजे एनमविंडोज फंक्शनने सगळ्या विंडो फिरून गेटविंडोटेक्स्टने टायटल वाचायचं आणि तेही अँसीत. मग "देणी" पण चार प्रश्नचिन्हं आणि "येणी" पण चारच. दोन्ही विंडो उघड्या असल्या तर प्रोग्रामला त्या एकाच नावाच्या दिसतात, जी आधी मिळेल तिच्यात रक्कम जाते. दुकानदाराच्या हिशेबात देणं आणि येणं यांची अदलाबदल ही काय लहान गोष्ट आहे का?

उपाय म्हणाल तर त्याच डीएलएलइम्पोर्टच्या ओळीत कॅरसेट युनिकोड (सगळ्या लिप्या असलेली पद्धत) लिहायचं, बस. विंडोज आतून युनिकोडच वापरतं, आणि एवढं लिहिलं की युनिकोडवालं फाइंडविंडो-डब्ल्यू बोलावलं जातं. सेटलास्टएरर पण ट्रू ठेवावं म्हणजे कारण शोधता येतं. डॉटनेट ७ पासून डीएलएलइम्पोर्टच्या जागी वापरता येणारं लायब्ररीइम्पोर्ट आलंय, त्यात स्ट्रिंग (मजकूर) कशी पाठवायची ते सांगितल्याशिवाय कोड कंपाइलच होत नाही, हे फार बरं केलं. पण आपल्याकडची कितीतरी कामं अजून जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवरच चालतात, तिथे ही सोय नाही. काहीजण विंडोजच्या रिजन सेटिंगमधला यूटीएफ-८ (युनिकोडचाच एक प्रकार) चा बीटा चौकोन टिक करून मोकळे होतात, तो तर अख्ख्या मशीनला लागू होतो आणि जुनी सॉफ्टवेअरं त्याने बिघडू शकतात, हा काही इलाज नव्हे.

आणि हे सगळं सोडून दुकानदाराला सांगितलं काय जातं? डिचोलीतल्या एका ओळखीच्या दुकानात मी स्वतः ऐकलंय, टायटलं इंग्लिश करून टाका. याचा मला खरंच राग येतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी इथली राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीही वापरता येते, मग देवनागरी टायटल ही कोणाची हौस कशी काय झाली? कोडमधली एक ओळ दुरुस्त करायची सोडून माणसाने आपल्या खात्याचं नाव का बदलायचं?

आपल्या लिपीची अजून एक बाब शिकवायला हवी. "कर्मचाऱ्यांचा पगार" यातला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो, कोणी नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ वापरतं, कोणी साधा र, हलन्त आणि जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). डोळ्याला सारखंच दिसतं पण सी शार्पमध्ये दोन बरोबरची चिन्हं लावून तुलना केली की उत्तर फॉल्स. म्हणून माझं मत असं की टायटलवर एवढं विसंबूच नये, एनमविंडोज करून गेटविंडोथ्रेडप्रोसेसआयडीने विंडो कुठल्या प्रोसेसची ते आधी बघावं आणि टायटल शेवटी. विंडोच्या क्लासच्या (प्रकाराच्या) नावाचा भरवसा विनफॉर्म्समध्ये, म्हणजे डॉटनेटच्या विंडो बनवायच्या सोयीत, धरता येत नाही, ते नाव लांबलचक आपोआप बनतं आणि त्याचा शेवटचा भाग बदलू शकतो. समोरचा प्रोग्राम अॅडमिन म्हणून चालू असेल आणि आपला नसेल तर विंडो सापडते पण तिला बहुतेक मेसेज पाठवता येत नाहीत, व्हिस्टापासून तसंच आहे, हेही सांगून ठेवावं.

कॉलेजं आणि पॉलिटेक्निकमध्ये हे प्रॅक्टिकल बहुतेक नोटपॅडवर होतं, टायटल इंग्लिश, त्यामुळे चूक दिसतच नाही. माझी विनंती एवढीच की शिक्षकांनी एकदा मुलांना "देणी" आणि "येणी" नावाच्या दोन विंडो बनवायला लावून दुसरी शोधून दाखवायला सांगावी, आणि तुमच्या पुरवणीत यावर पुढचा लेख येणार असेल तर त्यात कॅरसेटसकट पूर्ण ओळ छापावी.

आपला,
एक वाचक, डिचोली