दत्त्यास, प्रेअरीवरून

रोझटाऊन, सस्कॅचेवान, कॅनडा
फेब्रुवारी

प्रिय दत्त्या,

शिव्या नंतर दे, आधी वाच. दिवाळीच्या तुझ्या मेसेजला 'उद्या देऊ उत्तर' म्हणता म्हणता फेब्रुवारी उजाडला. तब्येत बरी. पाठ धरते, थंडी उणे तीस, दोन्ही जुनंच.

झालंय असं की आमच्या घरमालकानं मला जमीन देऊ केलीय. कसायला. एक क्वार्टर, म्हणजे १६० एकर. हिला सांगितलं तर म्हणाली, "कुंडीतला कढीपत्ता जगवा आधी." आक्काला सांगायची सोय नाही, ती तालुकाभर पेढे वाटेल.

म्हातारा परवा एलिव्हेटरवर (म्हणजे आमचं धान्य-खरेदीचं कोठार, लिफ्ट नव्हे) आला, मसुराचा नमुना आईस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत घेऊन. इथे सगळे तसाच आणतात. मी चाळला, ओलावा पाहिला, सुरकुतलेले आणि डागी दाणे चिमट्यानं बाजूला काढले. एरवी ग्रेडवरून तासभर भांडणारा माणूस गप्प. एक दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाला, पोरं काही कॅल्गरीहून परत येत नाहीत, तू करतोस का? पिकाचा तिसरा हिस्सा त्याचा, दोन माझे, बी-खत माझं. इथली जुनी रीतच आहे ती. पहिल्या वर्षी पेरणीयंत्र आणि कम्बाइन त्याचं. आपल्या बटईपेक्षा बरंच की.

आता तू हसणार. बाबा गेल्यावर आमच्या ओट्यावर बसून तू काय म्हणत होतास? "विकू नको, मला बटईनं दे." मी विकली. चुकलो असं आजही म्हणत नाही, उगाच चेकाळू नकोस; त्या विहिरीची काय गत होती ते तुलाही ठाऊक आहे. पण तू वर्षभर बोलला नव्हतास. म्हणून हे तुलाच लिहितोय.

१६० एकर म्हटलं की तुला मी बागायतदार वाटेन. इथली सरासरी शेती १,७०० एकरांच्या पुढे, माझ्या तुकड्याला लोक हौस म्हणतील. १८७२च्या कायद्यानं दहा डॉलर भरले की एवढीच जमीन मिळायची आणि त्यावर अख्खं घर उभं राहायचं. (त्याआधी ती कुणाची होती, हा विषय इथे कॉफीवर निघत नाही.) आता मी नाही म्हटलं तर पलीकडचा हजारो एकरवाला घेईल. त्याला माणसं लागतात ती ट्रक चालवायला, तीही हंगामापुरती. अशानंच शेतावरची घरं बंद पडली, मग शाळेतली पोरं कमी झाली. म्हाताऱ्याला पैशाची अडचण नाही रे. त्याला गावात एक घर टिकायला हवंय, आणि नेमकं तेच माझ्या अंगावर येतंय. खंडानं घेतलेलं रान सोडता येतं. असं दिलेलं कसं सोडायचं?

शिवाय कॉफी रो आहेच. म्हणजे रोज सकाळी कॉफीला जमणारी म्हातारी मंडळी; आपला पार समज. डिसेंबर २०१७ला दिल्लीनं मसुरावर ३० टक्के आयात शुल्क लावलं, ते यांच्या अजून डोक्यात आहे. मला बघितलं की "यंदा तुझं सरकार काय करणार?" जणू मी मंत्रालयातून उठून आलोय! उद्या मी मसूर पेरला तर शुल्क वाढावं म्हणून तू लातुरात मोर्चा काढणार, आणि ते उठावं म्हणून मी इथे देव पाण्यात घालून बसणार. पुन्हा आपण बांधाच्या दोन बाजूंना.

बरं, तुझं काय? धाकट्याची बारावी यंदाच ना? वहिनींचा गुडघा? सोयाबीनचे पैसे मिळाले का, की अजून आडत्याच्या वहीतच?

इथे मसूर मेमध्ये पेरतात, म्हणून मार्चच्या आत म्हाताऱ्याला उत्तर हवंय. जाता जाता त्यानं परीक्षाही घेतली. मूळकूज लागलेल्या रानात मसूर पुन्हा किती वर्षांनी घेशील? मी म्हटलं, किमान सहा. खूश झाला, पाठीवर थाप मारली. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, की सहा वर्षं म्हणजे कोण मोजणार ती? हे हिला अजून बोललेलो नाही.

फोन करू नकोस, तुमच्याकडे स्पीकरवर अख्खं घर ऐकतं. लिही.

तुझा,
बाळ्या