पोटरीचं कळव

चि. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

'कु.' लिहू की नको यात दहा मिनिटं गेली. आई म्हणाली, नुसतं चि. पुरे.

तू गेल्यावर अंथरूण काढताना उशीखाली माला-डीची, त्या गर्भनिरोधक गोळ्यांची, दोन पाकिटं सापडली. पांढऱ्या एकवीस संपलेल्या, लोहाच्या सात तशाच. दोन्हींत. तेहतीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे काढली आहेत मी. रागावलो नाही. पण एसटीत चढताना तू डावी पोटरी चोळत होतीस. दुखते का?

त्या गोळीतल्या इस्ट्रोजेननं रक्तात गुठळी होऊ शकते, त्यात तुझी सिगारेट. (गच्चीवरची राख मीच झाडतो.) गुठळी पायात असली तर पाय सुजतो, फुप्फुसात गेली तर दम लागतो आणि मग धावपळीलाही वेळ मिळत नाही. कांताआत्याचं झालं तेव्हा तू सातवीत होतीस. हार्मोनचे डॉक्टर त्याऐवजी एस्ट्राडायोल देतात, मधूनमधून रक्त तपासून. सगळं सोड असं मी म्हणत नाही, मापानं घे म्हणतो. झालं, काउंटरवरचं भाषण सुरू झालं. माफ कर.

तू दवाखान्यात का जात नाहीस ते मला ठाऊक आहे. दाखला पुढे केला होतास, कलेक्टर कचेरीचा, तरी सिस्टरनं आधारवरचं जुनंच नाव पुकारलं. दोनदा. सगळा बाक वळून बघायला लागला. तू उठली नाहीस. मीही उठलो नाही.

तसं माझं उठणं आधीच राहिलेलं. एप्रिल २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आपण बाई, पुरुष की तृतीयपंथी ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मी पेपर मोठ्यानं वाचत होतो. ती बातमी आली तसं पान उलटलं. तू समोर चहा पीत होतास. होतीस. बघ, अजून हात वळतो तसाच.

परवा गौरीच्या हळदीकुंकवाला आईनं दार सताड उघडं ठेवलं होतं. हिरव्या साडीत तू बायकांना पाणी देत होतीस. जोशीवहिनींनी तुला कुंकू लावलं तेव्हा मी उगाच आत जाऊन गॅस बंद आहे का बघून आलो.

भडंग पिशवीच्या तळाशी आहे, आधी लाडू संपव.

शनिवारी मी पुण्याला येतोय. डॉक्टर तू निवड, फी मी भरतो. पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल तर शनिवारची वाट बघू नको, तडक जा. आणि आज रात्रीच फोन कर. दुखत नसली तरी कर.

तुझे
बाबा